लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठ्ठावीस वर्षं कथाही लिहिल्या. दोन संग्रह निघाले, तिसरा अडकलाय. राहते चिपळूणला. निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयात आठवड्यातून तीन संध्याकाळी बसते. त्यामुळे लिहिणारे आणि वाचणारे, दोन्ही जमातींचे लोक मला गाठतात आणि तेच तेच विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, एकदाचं लिहूनच टाक." म्हणून हे.

लिहून पोट भरतं का?

नाही. हिशेबच मांडते. एकशे साठ पानांचं पुस्तक, म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म. किंमत अडीचशे रुपये धरा. लेखकाला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे पंचवीस. आवृत्ती पाचशेची. सगळ्या प्रती खपल्या तर साडेबारा हजार. आमच्यासारख्यांच्या पाचशे प्रती खपायला तीन वर्षं सहज लागतात. महिन्याला साडेतीनशे रुपये झाले. आमच्या घरचं दुधाचं बिल याच्या कितीतरी पुढे आहे.

आणि ते दहा टक्के छापील किमतीवर की विक्रेत्याचं कमिशन वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे आधीच विचारा. मी विचारलं नव्हतं.

मग लिहिता कशाला?

एका कथेत मी भर श्रावणात सुरंगीचा वळेसर माळलेली बाई दाखवली होती. दिवाळीनंतर वेंगुर्ल्याच्या बाजूने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं, थरथरतं. कथा आवडली की नाही याबद्दल अवाक्षर नाही. एवढंच होतं: "बाई, सुरंगी शिमग्याच्या आगेमागे फुलते. श्रावणात वळेसर कुठून आणलात? आमच्याकडे झाड आहे, येऊन बघावे."

ते कार्ड अजून आहे माझ्याकडे. कुणीतरी आपली कथा इतकी खरी मानून वाचली की त्यातलं फूलसुद्धा तपासलं. पुस्तक करताना मी सुरंगीच्या जागी सोनटक्का घातला. त्यांच्याकडे जाऊन झाड बघायचं मात्र राहून गेलं.

वेळ कधी काढता? मला घर-नोकरीतून वेळच मिळत नाही.

मलाही मिळत नव्हता. पहिला संग्रह मी सकाळी सव्वापाच ते सहा या वेळात लिहिला, कारण सहाला पाणी यायचं. नळाला सूं सूं आवाज सुरू झाला की वाक्य जिथे असेल तिथे सोडून उठायचं. त्याचा एक फायदा झाला. वाक्य अर्धं राहिलं की दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्नच येत नाही. आता निवृत्त आहे, दिवसभर वेळ आहे, आणि लिहून होतं पूर्वीच्या निम्मं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

काही सुचतच नसेल तर?

भाजी निवडा. चेष्टा करत नाहीये. हाताला काम आणि डोकं रिकामं अशी कामं घरात पुष्कळ असतात. लसूण सोलणं, कोळंबी साफ करणं, कपड्यांच्या घड्या. कोऱ्या कागदासमोर बसून मला कधी काही सुचलेलं आठवत नाही.

दिवाळी अंकाला कथा कधी पाठवायची?

हा प्रश्न मला दरवर्षी गणपतीत विचारला जातो आणि दरवर्षी मला उत्तर द्यावं लागतं, "पुढच्या वर्षी." दिवाळी अंकाचं वर्ष आंब्याच्या मोसमात सुरू होतं. संपादकांची पत्रं, आता मेसेज, एप्रिल-मेमध्ये येतात. कथा पोचायला हवी जुलैपर्यंत, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मग चित्रकाराकडे जाणार, अक्षरजुळणी, मुद्रितं म्हणजे प्रुफं, आणि शेवटी जाहिराती. खरी मेख तिथे आहे. जाहिराती किती आल्या यावर अंकाची पानं ठरतात. ऑक्टोबरात एखादी पूर्ण पान जाहिरात गळाली की कुणाची तरी कथा गळते. माझी दोनदा गळलीय. संपादकावर राग काढू नका, अनेक ठिकाणी तो बिचारा पदरमोड करून अंक काढत असतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून ही रीत चालू आहे. फराळाच्या ताटाशेजारी कथा-कविता हव्यातच असं मानणारा समाज आपला आहे याचं मला अजून नवल वाटतं. एरवी वर्षभर पुस्तकाला हात न लावणारे आमचे शेजारी दिवाळीत वाचनालयाची खास वर्गणी भरतात आणि तीन महिने अंक फिरवतात. संक्रांतीपर्यंत त्या अंकांवर चकलीच्या तेलाचे डाग पडलेले असतात. ज्या कथेच्या पानावर डाग जास्त, ती लोकांनी वाचली असं मी समजते. परीक्षकापेक्षा हे बरं.

मानधनाचं म्हणाल तर काही अंक वेळेवर देतात, काही होळीला देतात, काही नुसता अंक देतात आणि काही तोही देत नाहीत. माझं पहिलं मानधन दीडशे रुपये होतं, मनीऑर्डरने आलं. पोस्टमनला चहा आणि शेव दिली होती.

कथा पाठवून चार महिने झाले, उत्तर नाही. काय समजायचं?

नकार समजा आणि दुसरीकडे पाठवा. पूर्वी आपण आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत जोडायचो आणि ते पाकीट 'साभार परत' अशी चिठ्ठी घेऊन घरी यायचं. वाईट वाटायचं, पण निकाल लागायचा. सासूबाई ते जाड पाकीट बघून काही न बोलता चहा टाकायच्या. आता नकार येत नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा येतात. एक सांगते: एकच कथा एकाच वेळी चार अंकांना पाठवू नका. दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

टाइप कशात करायचं? माझी कथा छापून आली तेव्हा त्यातली अर्धी जोडाक्षरं फुटली होती.

युनिकोडमध्ये करा. मोबाइलवरचा मराठी कीबोर्ड, संगणकावरचा इनस्क्रिप्ट, जे हाताला बसेल ते. गडबड पुढे होते. अनेक छपाईवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळणी चालते. तुमचा मजकूर तिकडे रूपांतरित होतो आणि वाटेत काही अक्षरं सांडतात. सगळ्यात जास्त बळी जातो तो 'ऱ्य'चा.

माझ्या एका कथेत लग्नघरातला प्रसंग होता. मी लिहिलं होतं, "आचाऱ्यांना आधी जेवायला वाढा." छापून आलं, "आचार्यांना आधी जेवायला वाढा." स्वयंपाकी गेले आणि गुरुजन पंगतीला बसले. कथेचा सगळा रोख हाच होता की दिवसभर भट्टीशी उभ्या असलेल्या माणसांना कुणी विचारत नाही. एका रफाराने सगळ्यावर पाणी पडलं. एका वाचकाने तर, तुम्ही गुरुजनांचा मान राखलात, म्हणून अभिनंदन केलं.

म्हणून शेवटचं मुद्रित स्वतः बघायचा हट्ट धरा. पडद्यावर नको, कागदावर. आणि नजर फिरवायची ती 'ऱ्य', 'ऱ्ह', 'क्ष' आणि अवतरणचिन्हांवर.

शुद्धलेखन इतकं महत्त्वाचं आहे का? भावना पोचल्याशी कारण.

२७ फेब्रुवारीला आमच्या नाक्यावर फलक लागतो, 'मराठी भाषा गौरव दीन.' दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बापुडा. भावना पोचते, नको ती पोचते.

नियम फार नाहीत. शासनाने मान्य केलेले साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यात घातलेले चार, मिळून अठरा. एका दुपारचं काम आहे. त्यातले सगळे मला पटतात असं नाही. पण बोलीत लिहायचं असेल तर बेधडक लिहा. पात्राच्या तोंडी 'व्हता' असेल तर 'व्हता'च राहू द्या, फक्त पुढच्या पानावर त्याचा 'होता' होऊ देऊ नका. मुद्रितशोधकाला नमस्कार करत जा. मराठीत त्याच्याइतका कमी पैशात जास्त वाचणारा माणूस दुसरा नसेल.

प्रकाशक म्हणतात पुस्तक काढू, पण खर्च तुम्ही द्या. द्यावा का?

द्यायचा असेल तर तो छपाईचा खर्च आहे हे समजून द्या, मानाचा नारळ समजून नको. किती प्रती छापल्या, तुम्हाला किती मिळणार, उरलेल्या कुठे राहणार, विकल्या गेल्या तर पैसे कुणाचे, हे कागदावर घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे कुणी मागितले तर उठून या. आपल्या देशात तो फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो.

करार तोंडी नको. प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यातलं कलम १९ प्रत्येक लिहिणाऱ्याने एकदा वाचावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क घेऊन वर्षभर काहीच न केल्यास ते परत तुमच्याकडे येतात. माझा दुसरा संग्रह एका प्रकाशकाकडे गठ्ठ्यात पडून होता आणि दरवर्षी 'पावसाळा संपू द्या' असं उत्तर मिळायचं. हे कलम मला सातव्या पावसाळ्यात कळलं. बँकेत दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं तपासण्यात हयात गेली माझी, पण स्वतःच्या करारावर सही करताना चष्माही लावला नव्हता.

माझी कथा व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच्या नावाने फिरतेय.

माझीही फिरली. आतेभावाने मलाच पाठवली, "वाच, तुलाही असं लिहिता यायला हवं" अशा टिपणीसह. खाली एका मोठ्या दिवंगत लेखकाचं नाव होतं. कायद्याने हक्क तुमचाच आहे. तो नोंदवलेलाच असला पाहिजे असं नाही आणि तुमच्या पश्चात साठ वर्षं टिकतो. पण हजार फोनांमागे कोण धावणार? मी आतेभावाला तेवढं कळवलं. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

घरच्यांवर लिहिलं आणि त्यांनी ओळखलं तर?

ओळखतातच. मात्र ज्याच्यावर लिहिलंय तो कधी स्वतःला ओळखत नाही, भलताच कुणी तरी ओळखतो. माझ्या एका कथेतली कंजूष बाई मी ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंवरून घेतली होती. रुसली आत्या. दोन वर्षं हळदीकुंकवाला आली नाही. सहकारी बाई म्हणाल्या, "कसली बाई रंगवलीत हो! आमच्या जाऊबाई अगदी अश्शाच."

पुस्तकाच्या प्रती भेट द्याव्यात का?

वाचणाऱ्याला द्या. न वाचणाऱ्याला पेढे द्या.

पूर्वी खूप वाचायचो/वाचायचे. आता दोन पानांत हात फोनकडे जातो.

माझाही जातो. मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक, फोन दुसऱ्या खोलीत, जिना चढून जावं लागेल असा. आमच्या गुडघ्यांमुळे हा उपाय भलताच परिणामकारक आहे. दुसरी, वाचनालयाचं पुस्तक. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात वाट बघत राहतं, वाचनालयाच्या पुस्तकाला तारीख असते. पंधरा दिवसांत परत करायचंय आणि आपल्यामागे कुणीतरी नंबर लावलाय हे कळलं की बरोबर वाचून होतं.

आणि वाचनालयं आहेत हो आपल्याकडे! आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं. आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं उभी राहिली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आमचं 'ड'. एक ट्यूबलाइट, दोन बाकं, वर्तमानपत्रं लवकर वाचायला येणारे तीन आजोबा आणि त्यांच्यात पहिल्या पानावरून चालणारी लढाई. तिथे गेलात तर ग्रंथपालाशी बोला. कार्डावर काय लिहिलंय ते संगणक सांगेल, पण तुम्हाला मागच्या वेळी कोणतं पुस्तक आवडलं नव्हतं हे ग्रंथपालालाच आठवतं.

पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं?

हो.

पुस्तकांना कसर लागलीय. काय करू?

कसरीला साहित्यात रस नसतो, तिला खळ हवी असते. बांधणीच्या पुठ्ठ्याखाली जी पिठाची खळ असते त्यासाठी ती येते. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा, डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पुस्तकं हलवा. ज्या कपाटाला रोज हात लागतो तिथे कसर फारशी रमत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, कोकणात तर नक्कीच. मे महिन्यात एकदा सगळी पुस्तकं पडवीत काढा, उघडी करून वारा लागू द्या. तळपत्या उन्हात नको, कागद पिवळा पडतो आणि पाठ तडकते.

वाळवी असेल तर वेखंडावर विसंबू नका. माणूस बोलवा.

२०२१ च्या पुरात तुमची पुस्तकं गेली असं ऐकलं. भिजलेली पुस्तकं वाचवता येतात का?

काही येतात. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी पहाटेपासून चढत गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, पुस्तकं खाली. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर कपाट उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन फुगतात आणि फळीत इतकी घट्ट बसतात की कपाटाच्या बाजू फाकतात. मी खेचायला गेले आणि पाठ हातात आली, पुस्तक तिथेच. म्हणून पहिली सूचना: खेचू नका. फळीच खिळखिळी करून काढा.

चिखल असेल तर पुस्तक घट्ट मिटून धरायचं आणि स्वच्छ पाण्यात हलकेच खळबळायचं. भिजलेलं पुस्तक परत पाण्यात घालायला हात धजत नाही, पण गाळ वाळला की तो निघत नाही. चोळायचं नाही. मग उभं ठेवायचं, पानं पंख्यासारखी थोडी उघडी, खाली रद्दी. मध्ये मध्ये कोरा टिपकागद, तो सारखा बदलायचा. पंखा चालू, ऊन नाही. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा तोंडाला फडकं बांधा. मी बांधलं नाही आणि महिनाभर खोकले. एवढी पुस्तकं एकदम वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये टाकावीत, बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढावं. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता, आमच्याकडे वीजच नव्हती.

गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं आधी हाताळा. ती एकदा वाळली की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. माझं चित्रांचं एक मोठं पुस्तक आता दाराला अडण म्हणून लावते. वर्तमानपत्री कागदावरच्या स्वस्त पुस्तकांनी मात्र कमाल केली. वेडीवाकडी झाली, पण उघडतात.

वह्यांचं वेगळंच झालं. शाईच्या पेनाने लिहिलेल्या वह्या उघडल्या तर आत नुसती फिकट निळी पानं, दुकानातून आणल्यासारखी. बॉलपेनने लिहिलेल्या वह्या चिखलातूनही वाचता आल्या. मी उमेदीच्या काळात हौसेने शाईचं पेन वापरायची, पुढे कंटाळून बॉलपेनवर आले. त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या कथांचे खर्डे गेले आणि नंतरचे सगळे राहिले. यजमान म्हणाले, वाशिष्ठीला संपादनाची जाण आहे.

तेव्हापासून एक करते. खर्डा झाला की फोनवर प्रत्येक पानाचा फोटो काढून भाचीला पाठवते. ती वाचत नाही, पण जपून ठेवते.

मुलं मराठी वाचत नाहीत. काय करावं?

तुम्ही वाचता का, हे आधी सांगा. वाचत असाल तर मोठ्याने वाचा. इंग्रजी शाळेतल्या मुलाला मराठी कळत असतं, फक्त अक्षरं लावायचा कंटाळा येतो. माझ्या नातवाला मी भुताची गोष्ट रोज अर्धी वाचून दाखवायची आणि भूत विहिरीतून हात बाहेर काढतंय एवढ्यात "आता कुकर लावायचाय" म्हणून उठायची. चौथ्या दिवशी तो पुस्तक घेऊन माळ्यावर गेला. जोडाक्षराशी अडला की वरून ओरडायचा, "आजी, 'ष' ला 'ट' जोडलेला कसा वाचायचा?" ही युक्ती भुताच्या गोष्टीलाच लागू पडते. संस्कारकथेला करून बघितली, तो खाली खेळायला गेला.

वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडे एकोणीस वर्षं राहिलंय. आता परत करायला लाज वाटते.

आणून द्या. सोमवार, बुधवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात. दंड घेत नाही. फक्त आत कुणाची चिठ्ठी, बसचं तिकीट, मोरपीस असं काही सापडलं तर ते तसंच राहू द्या. मागच्या महिन्यात असंच एक पुस्तक परत आलं. आत कधीचं तरी वाळलेलं सुरंगीचं फूल होतं आणि पानावर त्याचा तपकिरी डाग. नोंद करताना मी तारखेचं पान बघितलं. शेवटचा शिक्का मार्चचा होता.